पावती हातात आहे म्हणून गाडी चालवू नका

'लायसन्स जप्त झाले तरी पोलिसांच्या पावतीवर गाडी चालवता येते' हे लेखातले सरसकट वाक्य कृपया दुरुस्त करा. लोक त्यावर विसंबून अडकतील.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(३)खालची पावती तशी मुभा देते. पण दारू, अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, ट्रिपल सीट किंवा हेल्मेट नसणे यांसाठी २०६(४)खाली लायसन्स घेतले, तर ते परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. म्हणून पावतीवर कोणते कलम लिहिले आहे ते तिथेच वाचून घ्या.

पुढे लायसन्स आरटीओकडे जाते. तिथे बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. म्हणणे लेखी द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नोटिशीकडे दुर्लक्ष केले की निर्णय एकतर्फी होतो, आणि हे फार जणांचे होते. कलम १९(१अ)नुसार पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील.

तीन महिने संपले की लायसन्स आपोआप हातात पडत नाही. २०१९च्या दुरुस्तीने रिफ्रेशर कोर्स पूर्ण करण्याची अट घातली आहे. त्याचे प्रमाणपत्र जोडा. दरम्यान लायसन्सची स्वतःची मुदत संपून वर्ष उलटले असेल, तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी.

अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यात अपघात झालाच, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.