ऑनलाइन होतं की!

कोरोनाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "शाळा बंद होत्या तर काय बिघडलं, ऑनलाइन होतं की!" डोकंच फिरतं. कुठे होतं? आमच्या वाडीत घरात रेंज नाही. माझी दुसरीतली पोर भर पावसात सड्यावर, म्हणजे वाडीच्या वरच्या उघड्या कातळावर, जायची, मोबाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळून. बाईंचा आवाज तुटक तुटक यायचा, मग तोही बंद.

सुरुवातीची भीती समजू शकते. पण बार उघडले ५ ऑक्टोबर २०२० ला आणि खेड्यातली पहिली ते चौथी १ डिसेंबर २०२१ ला! मासळीबाजारात मास्क लावून गर्दी चालत होती, मग मास्क लावून पोरं वर्गात बसली नसती का? पोरीची दुसरी गेली, अर्धी तिसरी गेली. चौथीतसुद्धा जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडे बघायची.