अर्धी गोळी लिहिण्यापूर्वी ती अर्धी होते का, हे कोण पाहणार?

डॉक्टर चिठ्ठीवर ‘अर्धी गोळी’ लिहितात, तेव्हा ती गोळी अर्धी करता येते की नाही हे पाहण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच असते. तुम्हा मंडळींना हे पटवून द्यावे लागणार नाही, याची मला खात्री आहे. तरीही लिहायला बसले आहे, कारण आज दुपारी शाहूपुरीतल्या एका मेडिकलमध्ये जे पाहिले त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

राधानगरीकडून एसटीने आलेले एक आजोबा माझ्यापुढे उभे होते. त्यांच्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित साखरेची गोळी होती, नावापुढे एसआर ही अक्षरे होती आणि त्यापुढे सकाळी १/२, रात्री १/२ असे लिहिलेले होते. काउंटरवरच्या मुलाने कात्रीने स्ट्रिप कापली, तुकडा कागदी पाकिटात टाकला आणि सांगितले, “आजोबा, सुरीनं मधोमध कापा आणि घ्या.” ही गोळी कापायची नसते, असे मी मध्येच बोलले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “ताई, डॉक्टरांनीच लिहिलंय, आम्ही काय करणार? सगळेच असं लिहितात.” आजोबांना गाडी गाठायची होती. ते पाकीट घेऊन निघूनही गेले.

‘सगळेच असं लिहितात’ हे वाक्य मी पूर्वीही ऐकले आहे, माझ्या आत्याच्या वेळी.

आत्या कसबा बावड्यात राहते. तिचे बीपी निफेडिपिनच्या २० मिलिग्रॅमच्या गोळीने आटोक्यात होते आणि त्या गोळीच्या नावापुढे ‘रिटार्ड’ असे ठळक छापलेले होते. पुढच्या तपासणीत बीपी थोडे खाली आले, म्हणून डॉक्टरांनी तीच गोळी अर्धी-अर्धी करून दोन वेळा घ्यायला लिहून दिली. आत्या आज्ञाधारक बाई आहे. तिने सुपारीचा अडकित्ता स्वच्छ धुऊन पुसला, आठवडाभराच्या गोळ्या एकदम कापल्या आणि तुकडे स्टीलच्या डबीत भरून ठेवले. काही दिवसांतच सकाळी गोळी घेतल्यानंतर तिला चक्कर आली, ती मोरीच्या दारात पडली आणि तिचे मनगट मोडले. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी चालू औषधे मागितली, डबीतले तुकडे पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ही गोळी कापायला कोणी सांगितले?” आम्ही चिठ्ठी पुढे केली. त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

ज्यांना यातले काही ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगते. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, पीआर किंवा रिटार्ड असे काही लिहिलेले असेल, तर त्या गोळीतले औषध अनेक तासांत हळूहळू सुटावे अशी तिची घडण असते. राधानगरीच्या धरणातून पाणी टप्प्याटप्प्याने सुटते तेव्हा पंचगंगेकाठची माणसे आपापली व्यवस्था करू शकतात. तेच पाणी एकदम आले तर काय होते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. अशी गोळी कापली की ती घडण मोडू शकते, आणि दिवसभरात मिळायचे औषध अपेक्षेपेक्षा फार लवकर रक्तात उतरू शकते. आत्याच्या डबीतल्या तुकड्यांची आणखी एक अडचण होती. निफेडिपिन उजेडाने खराब होते, म्हणून ते खाण्याच्या वेळेपर्यंत स्ट्रिपमध्येच राहायला हवे. डबी उघडी ठेवली जायची ती तर स्वयंपाकघराच्या खिडकीत.

याचा अर्थ कोणतीच गोळी कधीही कापू नये, असा नाही. मधोमध खाच असलेल्या पुष्कळ साध्या गोळ्या खुशाल अर्ध्या करता येतात, आणि बीपीच्या मेटोप्रोलोल सक्सिनेटसारखी एखादी सावकाश सुटणारी गोळीसुद्धा खाचेवर मोडता येते, कारण तिच्यात औषधाचे बारीक कण वेगवेगळे लेपलेले असतात. ती फक्त चावायची किंवा कुटायची नसते. अर्ध्या गोळीमुळे गरिबाचे दोन पैसे वाचतात, हेही मान्य. पण नेमकी कोणती गोळी कापता येते हे आत्याने कसे ओळखायचे? युरोपीय फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाचे नियम ठरवणाऱ्या तिकडच्या अधिकृत ग्रंथात, अशा गोळ्यांसाठी रीतसर चाचणी आहे. ३० गोळ्या मोडून प्रत्येकीचा एक भाग तोलतात; सरासरी वजनाच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर एकापेक्षा जास्त भाग गेलेले चालत नाहीत आणि ७५ ते १२५ टक्क्यांबाहेर एकही गेलेला चालत नाही. कारखान्यात एवढे तोलूनमापून पाहायचे आणि इकडे घरोघरी अडकित्ता, विळी नाहीतर दात!

आजोबांच्या गोळीत ग्लिमेपिराइड एक-दोन मिलिग्रॅमच असते. एवढ्याशा मात्रेच्या गोळीचा एक तुकडा मोठा आणि एक लहान झाला, तर मोठा तुकडा ज्या वेळी पोटात जाईल त्या वेळी साखर खाली येण्याचा धोका वाढतो, आणि त्यातून म्हाताऱ्या माणसाने त्या दिवशी कमी जेवलेले असले तर विचारूच नका. मेटफॉर्मिनचा भाग सावकाश सुटायचा, तोही बिघडतो. पित्तावरच्या पॅन्टोप्रॅझोलची गोष्ट वेगळी आहे. आम्लात टिकत नाही म्हणून त्या गोळीवर लेप दिलेला असतो; ती कापली की औषध जठरातच निकामी होऊ लागते, आणि रोग्याला वाटते की गोळी लागू पडत नाही. बीपीचे टेल्मिसार्टन हवेतला ओलावा शोषून घेते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मीठसुद्धा भिजते. तिथे उघड्या डबीत ठेवलेल्या अर्ध्या गोळीचे काय होत असेल? आणि यात सर्वात चीड आणणारी गोष्ट ही की टेल्मिसार्टन २० ची पूर्ण गोळी मिळते, तरीही ४० ची अर्धी करून घ्यायला सांगतात. थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी मिळते, तरीही ५० ची अर्धी. निफेडिपिन रिटार्डची १० ची गोळीसुद्धा बाजारात मिळते. आत्यासाठी एक आकडा बदलून लिहायचा होता, तेवढेच.

मेथोट्रेक्सेटविषयी तर मला अगदी कळकळीने सांगायचे आहे. सांधेवाताच्या अनेक रुग्णांना ही गोळी आठवड्यातून एकदाच दिली जाते आणि ती घरी कापू किंवा कुटू नये, कारण तिची पूड हाताला लागणे किंवा श्वासातून जाणे धोक्याचे असते, गरोदर बाईला तर फारच. सासूची गोळी सुनेनेच कापून द्यायची, ही आपल्या घरांतली रीत आहे. सून गरोदर आहे का, हे चिठ्ठी लिहिताना कोणी विचारते का?

ओपीडीत डॉक्टरांपुढे केवढी रांग असते, हे मी पाहिले आहे. एकेका रोग्याला मिळणाऱ्या त्या चार-पाच मिनिटांत निदान, औषध आणि पथ्य सगळे सांगायचे असते, आणि माझे डॉक्टर मित्रही हे वाचत आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आत्याचे मनगट मोडल्यावर तिच्या डॉक्टरांच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते “यांनी नीट कापली नसणार” असे. हे मी विसरू शकत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या बाईने एवढीशी गोळी बरोबर मधोमध कापावी, अशी अपेक्षा ठेवायची आणि चूक झाली की दोषही तिलाच द्यायचा? मुळात जी कापायचीच नव्हती, ती तिने कशी कापली हा प्रश्नच कुठे येतो?

मेडिकलवाल्यांनाही मी सोडणार नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम आहे. ‘डॉक्टरांनी लिहिलंय’ असे म्हणून ते टळत नाही. एक फोन करून विचारता येते. शिवाय स्ट्रिप अशी कापतात की कधी नाव अर्धे जाते, कधी मुदतीची तारीख जाते, आणि नेमकी ती एसआर अक्षरे दुकानातच राहतात. चिठ्ठीवरच्या १/२ मधली तिरपी रेघ घाईत नीट उमटली नाही, तर तो आकडा ‘एक-दोन’ असाही वाचला जातो. आपल्या गावात ‘अर्धी’ असे अक्षरांत लिहिले तर कोणाला वाचता येणार नाही?

आता राग थोडा निवला आहे, तेव्हा कामाचे लिहिते. हे वाचून कोणी घाबरून परस्पर गोळी बंद करू नका; बीपीची, साखरेची किंवा फिट्सची गोळी अचानक थांबवणे हेही तितकेच धोक्याचे आहे. चिठ्ठीवर ‘अर्धी’ दिसली की तिथल्या तिथे डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: ही गोळी कापलेली चालते का, आणि याच औषधाची कमी ताकदीची पूर्ण गोळी मिळते का? त्यांना राग आला तर येऊ द्या. मेडिकलमध्ये नाव आणि तारीख दिसेल अशीच स्ट्रिप मागून घ्या.

माझ्या ओळखीच्या ज्या घरांत कापलेल्या गोळ्यांची डबी आहे, त्यांनी ती डबी, मूळ स्ट्रिप आणि चिठ्ठी काढून ठेवावी आणि मला कळवावे. डॉक्टरांना विचारण्याचा ज्यांना संकोच वाटतो, त्यांच्याबरोबर मी स्वतः येईन. सकाळी दहानंतर मी मोकळी असते.