पानठेल्यावरून सर्व्हे कसा करावा

तर भाऊ, कपडे धुवायच्या पावडरीचा सर्व्हे करायला तुम्हाला यवतमाळकडच्या एखाद्या गावात धाडलं असेल तर पहिले घाबरू नका. ऑफिसात सांगतात की घरांची यादी करा, चिठ्ठी टाकून एक घर काढा, मग दर सातवं घर घ्या अन् कुलूप दिसलं तर परत या. ऐकायला बरं वाटते. पण ऑगस्टात कपाशीचं निंदण सुरू, सातव्या घराला कुलूप, आठव्यालाही, नवव्यात एक म्हातारी जिला ऐकू येत नाही. म्हणून सरळ स्टँडवरचा पानठेला गाठा. सावली आहे, खर्रा आहे, भरदुपारी आठ-दहा जण बसलेले आहेत. याला कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग म्हणतात, म्हणजे सोयीनं सापडतील ते लोक घेणं, सोय अर्थात तुमची.

विचारा, "घरी कोणती पावडर वापरता?" माणूस आधी खर्रा घोटणार, मग शेजाऱ्याकडं पाहणार, मग टीव्हीवर जिची जाहिरात जास्त तिचं नाव सांगणार. लग्न झाल्यापासून त्यानं स्वतःची बनियन पिळली नाही हा भाग वेगळा. बाकीचे म्हणतात, "तेच लिहा ना बाप्पा." काय एकमत!

ऑफिसानं ठरवून दिलेल्या कोट्यात पंचवीस ते पंचेचाळीसच्या दहा बाया लागतात? नवऱ्यांनाच विचारून भरा. वय? "असंल तिशी-पस्तिशी." दहाही जणींपुढं मोबाईल नंबर ठेलेवाल्याचा टाका, तपासणीचा फोन आला तर तो इमानदारीत सांगते की हो, झाला सर्व्हे, माझ्यासमोरच झाला.

साहेब म्हणाला सॅम्पल लहान आहे, तर आणखी चार गावचे ठेले घ्या, आकडा मोठा झाला की सगळं माफ. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं अंदाज काढायला एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या, पण नावं घेतली मुख्यतः फोनवाल्यांची अन् मोटारवाल्यांची, तेही मंदीच्या काळात. छापलं की लँडन येणार, अन् रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेला. गॅलप नावाच्या दुसऱ्या सर्व्हेवाल्यानं कितीतरी लहान सॅम्पलवर बरोबर सांगितलं होतं, पण त्याला आपल्यासारखा ठेला कुठं मिळाला.

हजार फॉर्म झाले की खाली बारीक अक्षरात लिहून टाका की आकडा चुकला तर अधिक-उणे ३ टक्केच. ते गणित चिठ्ठ्या टाकून काढलेल्या नमुन्याचं असते, ठेल्याचं नाही, पण तिथपर्यंत वाचते कोण.

अन् हो, एसटी सांभाळा. साडेपाचला बाया डोक्यावर गवताचा भारा घेऊन वावरातून परततात, त्यातली एखादी ठेल्याशेजारच्या किराण्यात थांबून दहा रुपयांचा पुडा मागते, कोणता ते पार रस्त्यापर्यंत ऐकू येते. तुमची एसटी पाचची आहे.