"शेतात पाय न ठेवता" म्हणणाऱ्या दादांना

गुरं वळायला कुत्रं कसं शिकवलं त्या माझ्या पोस्टवर एकांनी प्रतिक्रिया टाकलीये. नाव दिलेलं नाही म्हणून दादा म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की कुत्र्याला द्यायच्या 'कम बाय' या हुकमाची दिशा मी चुकीची लिहिली, गावठी कुत्रं राखणीचं असतं वळणीचं नाही, चार महिन्यांचं पिल्लू गुरांत नेऊ नये, आणि वर हे वाक्य: "शेतात पाय न ठेवता व्हिडिओ बघून लिहिलेलं दिसतंय, आधी अभ्यास करा."

दिशेचं बरोबर आहे तुमचं. कम बाय म्हणजे कुत्र्याने घड्याळाच्या काट्यासारखा कळपाला वळसा घालायचा, मी उलटं लिहिलं होतं, दुरुस्त केलंय. चूक ती चूक. (तसं मी आमच्या पिंट्याला, म्हणजे त्याच गावठी कुत्र्याला, कम बाय म्हणतच नाही, उताराचं रान आहे म्हणून 'वरनं' आणि 'खालनं' म्हणतो, त्याला नीट कळतं.)

आता पायाचं बोलू. दादा, माझं लहानपण माणदेशात गेलं, आजोबांची दहाबारा खिल्लार जनावरं होती आणि सुट्टीत ती पडकात घेऊन जायचं काम माझं. गाईच्या खांद्याच्या मागच्या अंगाला उभं राहिलं की ती पुढे चालते, खांद्याच्या पुढे आलं की थबकते नाहीतर वळते, हे आजोबांनी मला हाताला धरून, कधी पाठीत धपाटा घालून शिकवलं. त्याला बॅलन्स पॉइंट म्हणतात हे वीस वर्षांनी कळलं, तेही व्हिडिओतच, ते सोडा. आणि अगदी तिच्या शेपटीमागे राहू नको, तिथं तिला दिसत नाही, बिचकून लाथ घालते, हेही त्यांचंच. पिंट्याला मी हेच शिकवलं, लांब दोरी लावून, आधी फक्त 'थांब' आणि 'ये', दोन महिने दुसरं काही नाही, कारण थांबत नाही ते कुत्रं गुरं वळत नाही, पिटाळतं. एका नव्यानं व्यालेल्या गाईनं त्याला शिंगावर घेऊन बांधावर फेकला तेव्हा मी पाच हातांवर होतो, पुढचा दात पडला त्याचा, तो मातीतनं मी शोधून काढला आणि अजून देव्हाऱ्याशेजारच्या डबीत आहे. व्हिडिओत दात मिळत नाहीत दादा.

तुम्ही म्हणाल तेव्हा तो केवढा होता? पाच महिन्यांचा. असो.

राहिलं गावठ्याचं. धनगरांची कुत्री लांडग्यापासून मेंढरं राखतात, वळत नाहीत, मान्य. पण तुमचं सारखं बॉर्डर कोली बॉर्डर कोली काय, ते विलायती जातीचं कुत्रं मुळात मेंढरांचं, दबकत येऊन नजरेनं दाबणारं. गुरांसाठी ऑस्ट्रेलियात हीलर जातीचा कुत्रा वापरतात, टाचेला चावून लाथ यायच्या आत जमिनीला चिकटणारा, आणि त्याच्यात डिंगोचं रक्त आहे, म्हणजे तिथलं रानटी कुत्रंच की. मग आमच्या पिंट्यानं काय घोडं मारलंय? पिढ्यान् पिढ्या निवड करून गुण आणला वगैरे तुम्ही लिहिलंय ते वाचलं, त्यात शिरत नाही.

आणि "अभ्यास करा" हे मुलांना म्हणतात, दादा. मी पन्नाशीचा आहे.

पिल्लाच्या वयावर नंतर बोलू, धारेची वेळ झाली.