कोपनहेगन ‘करून टाका’ एका दिवसात

क्रूझचं जहाज सकाळी आठला धक्क्याला लागलं म्हणून लगेच उतरायचं नसतं. आधी बुफे. पैसे भरलेत ना? तिसरं ऑम्लेट पोटात गेलं की साडेनऊला गँगवेच्या रांगेत उभे राहा आणि अगदी पुढे पोचल्यावर केबिनमध्ये राहिलेलं जहाजाचं कार्ड आठवा. त्याशिवाय परत चढू देत नाहीत, तेव्हा पुन्हा वर.

ओशनकाय धक्क्यावरून ओरिएंटकाय स्थानकापर्यंत पायी गेलात, तर विनाचालक मेट्रो चौथ्या थांब्यावर, न्यूहाव्न कालव्याच्या तोंडाशीच सोडते. एवढं सोपं काय कामाचं? टॅक्सी करा आणि थेट लिटल मरमेड गाठा.

पुतळा शोधू नका, गर्दीच्या पाठी शोधा. १९१३ची ही ब्राँझची जलपरी जेमतेम सव्वा मीटर उंच आहे, म्हणजे दुसरी-तिसरीतल्या मुलीएवढी. ‘एवढीशीच?’ हे वाक्य इथे मोठ्याने म्हणायची प्रथा आहे. मग तिच्या खांद्यावर हात ठेवायला शेवाळलेल्या दगडांवर चढा. सपाट तळव्याचे, नवेकोरे बूट यासाठीच आणलेत. १९६४ साली तिचं डोकं कापून नेलं, १९८४ साली हात, १९९८ साली पुन्हा डोकं. तुमचा फक्त घोटा जाईल. फोटोत मागे समुद्राऐवजी रेफशालेओवरच्या जुन्या गोदीच्या शेड येतात. त्या घरी गेल्यावर दिसतील.

राजाचे पहारेकरी रोसेनबोर्ग किल्ल्यापासून साडेअकराला निघतात आणि अमालियनबोर्ग राजवाड्याच्या चौकात बाराला पहारा बदलतो. तुम्ही पाऊणला पोचा. चौक रिकामा मिळतो, फोटो छान येतात.

आता खरा धडा. इथे फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये, फुटपाथहून एक पायरी खाली, सायकलींची पट्टी असते. ती मोकळी दिसते. ‘सगळे फ्रेममध्ये बसत नाहीत’ असं म्हणत, मान न वळवता दोन पावलं मागे या आणि तिथेच थांबा. कामाला निघालेली डॅनिश मंडळी भरधाव येतात. आधी घंटी वाजते, मग एक शब्द ऐकू येतो. अर्थ विचारू नका.

न्यूहाव्नला रंगीत घरांच्या रांगेतच बसा, कारण तिथून रंगीत घरं दिसत नाहीत. ती समोरच्या सावलीच्या काठावरून दिसतात. जलपरीची गोष्ट लिहिणारा अँडरसन काही काळ तिथे २० नंबरात राहिला होता, पण तिकडे जाऊन काय करणार, बिअर इकडे आहे. स्मोरब्रोड मागवा आणि वडापावसारखं हातात उचला. राय नावाच्या धान्याच्या पावाचा एकच तुकडा खाली असतो, वर झाकण नाही, त्यामुळे हेरिंग मासा आणि कांदा सरळ मांडीवर. काटा-सुरी उगीच ठेवलेली नसते.

जहाज पाचला सुटणार म्हणजे साडेचारला आत. जहाजाचीच सहल घेतलेल्यांची बस उशिरा आली तर थांबतात, तुमच्या टॅक्सीसाठी नाही. तरीही दहा मिनिटं काढून मॅग्नेट घ्याच. त्यावर जलपरीचं डोकं शाबूत असतं.