वीस मिनिटं नव्हे, ०.२ तास: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

आमचा गेम विकत घेतलात, खेळून पाहिलात आणि वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा विरस झाला त्याची मनापासून माफी मागते. सुरुवातीचे दोन लोगो स्किप होत नाहीत हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. एक इंजिनचा (ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनवला त्याचा), एक आमचा. दोन माणसांच्या स्टुडिओला लोगोची एवढी हौस कशाला, हा टोमणाही मान्य.

पण "पहिली वीस मिनिटं नुसता अंधार, काही घडतच नाही" हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाहीये. तुमच्या रिव्ह्यूच्या वरच स्टीमनं, म्हणजे जिथून गेम घेतलात त्या ऑनलाइन दुकानानं, खेळाचा वेळ छापलाय: ०.२ तास. म्हणजे साधारण बारा मिनिटं. दशांशाची कितीही ओढाताण केली तरी त्याची वीस होत नाहीत. वीस झाली असती तर तिथं ०.३ दिसलं असतं. वाद घालत नाहीये, हिशोब सांगतेय. त्या बारातली दोनेक मिनिटं शेडर (स्क्रीनवर प्रकाश-सावल्या काढणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात गेली असणार. ते पहिल्यांदा गेम उघडल्यावर एकदाच होतं, आणि आधी केलं नाही तर गेम चालता चालता अडखळतो (मग त्यावरून रिव्ह्यू आला असता). शिवाय स्टीमचं घड्याळ मेनूतला वेळही मोजतं, आणि ब्राइटनेस वाढवायला दोनदा ऑप्शन्समध्ये गेलो होतो, असं तुम्हीच लिहिलंय. राहिली किती? आठ, फार तर नऊ मिनिटं.

एवढ्याशा आकड्यावरून ही बाई का भांडतेय असं वाटेल. तर त्याचं असं आहे, की दहा रिव्ह्यू होईपर्यंत स्टीम गेमला रेटिंग दाखवत नाही. आमचे नऊ झाले होते, त्यातले सहा चांगले. ओळखीच्यांना दिलेल्या फुकट 'की'वरचे (गेम मिळवायच्या कोडवरचे) रिव्ह्यू त्यात धरत नाहीत, आणि धरूही नयेत. दहावा तुमचा आला. तो चांगला असता तर सत्तर टक्के, म्हणजे 'मोस्टली पॉझिटिव्ह'. आता साठ टक्के, आणि नावाखाली मातकट रंगात 'मिक्स्ड'. तुम्ही अख्खा परिच्छेद फर्स्ट इम्प्रेशनवर लिहिलाय. आमचं फर्स्ट इम्प्रेशन आता तो एक शब्द आहे. लोक ट्रेलरच्या आधी तो वाचतात. हे तुमच्यावर ढकलत नाही. मत तुमचं आहे. फक्त वीस हा आकडा तेवढा तुमचा नाही.

आता मारिओ. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची पहिली स्क्रीन बघा आणि शिका, असा सल्ला दिलात. अहो, ती मी किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. समोरून गूम्बा, म्हणजे मशरूमसारखा दिसणारा छोटा शत्रू, चालत येतो. उडी मारली नाहीत तर मरता, पण पुन्हा सुरुवात होते ती चार पावलं मागे, त्यामुळे राग येत नाही. ठोकळ्यातून निघालेलं मशरूम उजवीकडे घरंगळतं, पाइपवर आपटून तुमच्याकडेच परत येतं. चुकवू म्हटलं तरी चुकवणं कठीण. एक अक्षर न लिहिता सगळं शिकवून होतं. आमची पहिली खोली त्याच हट्टानं केलीय. सगळीकडे काळोख, आणि टेबलावर फक्त आगपेटी किंचित चमकते. दुसरं काही करण्यासारखंच नाही. बटण दाबून धरलं की काडी ओढल्याचा खर्रकन आवाज येतो (माझ्या भावानं रात्री पंखा बंद करून खऱ्या काड्या ओढून रेकॉर्ड केलाय, चाळीसेक काड्या संपवल्या), ज्योत धरते, आणि भिंतीवर तुमच्याआधी तिथं राहिलेल्या माणसानं लिहिलेलं दिसतं. तिथून गेम सुरू होतो.

तुम्ही म्हणता, "बटण शंभर वेळा दाबलं, काडी पेटलीच नाही." म्हणजे तुम्ही दाबून धरलं नाहीत, नुसतं दाबत राहिलात. खाली सूचना येते की.

इथवर लिहून मी गेम लावला आणि पलंगावर बसून, कंट्रोलर घेऊन टीव्हीवर खेळले, तुम्ही खेळल्याचं लिहिलंत तसा. ती सूचना वाचता येत नाही. मॉनिटरपासून हातभर अंतरावर बसून मी तिचा आकार ठरवला होता. शिवाय हातात कंट्रोलर असताना ती 'ई धरा' म्हणते, आणि कंट्रोलरवर 'ई' नावाचं बटणच नसतं. प्लेटेस्टला (गेम बाहेर पडायच्या आधी खेळून बघायला) आलेल्या सगळ्यांची काडी पहिल्या फटक्यात पेटली होती हे खरं, पण तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. "धरून ठेव, धरून ठेव" असं बहुधा मीच म्हणत असेन. काळोखात आठ मिनिटं बटण बडवत बसलं तर ती वीस वाटत असतीलही.

वाटणं वेगळं आणि असणं वेगळं, एवढंच.

ट्रेलरमधलं वादळ गेममध्ये दिसलंच नाही, ही फसवणूक, असंही तुम्ही म्हणता. ते गेममध्ये आहे, तिसऱ्या भागात. फसवणूक नाहीये, सुरुवातीच्या काही सेकंदांत काही घडलं नाही तर ट्रेलर कुणी पुढे बघत नाही, म्हणून ते आधी लावलं.

रिफंड घेतल्याचं लिहिलंत. दोन तासांपेक्षा कमी खेळ आणि खरेदीला चौदा दिवस झालेले नसतील तर तो तुमचा हक्कच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. लोगो स्किप करणं आणि मोठी अक्षरं पुढच्या पॅचमध्ये येतील. कंट्रोलरच्या बटणांचंही बघतो आहोत. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही. डेमो फुकट आहे आणि त्यात पहिली रात्र पूर्ण आहे. पुन्हा कधी वाटलं तर बघा. काडी दोन सेकंद धरून ठेवा.