‘मशेरीत विष उरत नाही’ : आत्याला आलेल्या मेसेजचं उत्तर

गेल्या आठवड्यात आत्यानं एक मेसेज पाठवला. खाली तिचा प्रश्न : “तू दातांचा डॉक्टर ना, हे खरं का रे?” त्याआधी दोन ग्रुपवर तोच येऊन गेला होता. त्यातलं म्हणणं असं : तंबाखू तव्यावर भाजली की विष जळून जातं, म्हणून मशेरी हे आपलं जुनं, निर्धोक दंतमंजन. तंबाखू नसलेली सुपारी तर पाचकच. तोंडात दुखत नसेल तर डॉक्टरकडे जाऊ नका, आणि गेलात तरी तुकडा काढू देऊ नका, कारण ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यानं होणारं नुकसान मी रोज बघतो. बायोप्सीत संशयित जागा बधिर करतात, छोटासा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यानं कॅन्सर अंगभर पसरतो, हे खरं नाही. उपचार ठरवायला तोच रिपोर्ट लागतो. मग ही समजूत इतकी पक्की का? कारण घडतं त्याच क्रमानं. माझ्या एका पेशंटनं ओठामागची जखम चुन्यानं भाजली असेल म्हणून तीन महिने चुन्याची डबी बदलून बघितली. मग गालाला सूज आली, तेव्हा आला. तुकडा काढला, रिपोर्ट वाईट आला, घरच्यांनी घाबरून त्याला झाडपाल्याच्या औषधाला नेलं. दोन महिन्यांत गाठ गळ्यापर्यंत आली आणि सगळे म्हणाले, सुई लावली म्हणून वाढली. ती आधीपासूनच वाढत होती. मधले दोन महिने उपचार झाले नाहीत, एवढंच.

‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हे तर उलटं आहे. सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा जास्त धोक्याचा), 15 दिवसांत न भरणारी जखम, कारण नसताना हलू लागलेला दात, मानेतली गाठ. ही वेळ पकडण्याची असते. पोटातला कॅन्सर बघायला यंत्रं लागतात, तोंडातला टॉर्चनं दिसतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसती तोंडं तपासली. 2005 मध्ये त्या अभ्यासाचे आकडे आले : तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले.

आता मशेरी. आमच्या घरी आजी तव्यावर तंबाखू भाजायची. खोकल्यानं आम्ही पोरं अंगणात पळायचो आणि तिचं बोट कायम काळं असायचं. भाजल्यानं तंबाखूतलं विष जात नाही. उलट त्या काजळीत बेंझोपायरीनसारखी कॅन्सरकारक रसायनं भर घालतात. हिरडी थोडा वेळ बधिर होते, म्हणून ठणका थांबल्यासारखा वाटतो, आणि मग दिवसातून चारदा लावल्याशिवाय चैन पडत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. आत्या म्हणते, “तुझी आजी नव्वदीपर्यंत लावत होती, तिला काय झालं?” आजी वाचली याचा मलाही आनंद आहे. पण ज्या वाचल्या नाहीत, त्या ओट्यावर बसून सांगायला राहिल्या नाहीत.

सुपारीबद्दल लोक सगळ्यात बेफिकीर. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये दिला. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा कडक, दोरीसारखी होते आणि तोंड उघडेनासं होतं. परवा एकविसाव्या वर्षातला मुलगा आला होता. शाळेसमोरच्या सुगंधी सुपारीच्या पुड्यांपासून सुरू झालेला. त्याला म्हटलं, स्वतःची तीन बोटं उभी जोडून दातांमध्ये घाल. दोनही जाईनात. तो म्हणाला, “भाजी दुधात कालवून खातो, तिखट झोंबतं.” तिखट झोंबणं हे पहिलं लक्षण. तोंड आखडलं की पूर्ववत होणं अवघड, पण सुपारी आत्ता सोडली तर पुढचं बरंच टळतं.

2016-17 च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या 24.4 टक्के प्रौढांना बिनधुराच्या तंबाखूची सवय आढळली. म्हणजे ज्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय, तिथं दर चौथा माणूस साधारण त्यातलाच. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन फुकट लागतो.

आत्याला रविवारी बोलावलंय. मशेरी ती डाव्या गालात धरते, चाळीस वर्षं झाली. टॉर्च तिथंच आधी मारणार आहे.